वाटण्या माणसांच्या झाल्या, उंदरांच्या नाहीत

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दांडिया बाजारातला जुना वाडा, तीन चुलत भावांची तीन बिऱ्हाडं, खाली रस्त्याच्या अंगाला भाड्यानं दिलेलं फरसाणाचं दुकान. घरात पाच वर्षांची मुलगी, एक मांजर आणि ‘गणपतीचं वाहन मारायचं नाही’ म्हणणारी आई. पिंजरा लावून झाला, औषधाच्या वड्या टाकून झाल्या, गोंदाचा पुठ्ठा झाला, प्लगमध्ये खोचायचं आवाजाचं यंत्रसुद्धा झालं. उंदीर तिथेच. शेवटी वैतागून तुम्ही विचारलंत, की काका म्हणतात तसा उंदराच्या रश्श्यासाठी सरळ मसालाच वाटायला घ्यावा का.

बडोद्यात मी बरीच वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करते. सयाजीराव विद्यापीठातून प्राणिशास्त्र घेऊन बाहेर पडले तेव्हा जंगलात जाऊन काम करायचं मनात होतं. नशिबात मोऱ्या आणि माळे निघाले. गावातले बरेच जुने वाडे आतून पाहिलेत, त्यामुळे तुमचं घर न बघताही अर्धं डोळ्यांपुढे आलं. उरलेलं अर्धं पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ते कुठलं हेही ओघात सांगते.

मसाल्याचं आधी उरकू, कारण त्याचं उत्तर पुढे औषधापाशी कामाला येणार आहे. उंदीर खाणं जगावेगळं मुळीच नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात राजाच्या जेवणाच्या भागात उंदराची रीतसर पाककृती आहे. शेपटी धरून कढत तेलात बुडवायचा, केस निघाले की गरम पाण्यानं धुवायचा, पोट चिरून साफ करायचा, मग आवळा आणि मीठ घालून शिजवायचा किंवा लोखंडी सळईवर लावून निखाऱ्यावर भाजायचा. म्हणजे तुमचे काका राजघराण्यातली चव घेऊन जन्माला आलेत. बिहारमधला मुसहर समाज आणि तमिळनाडूतले इरुळा लोक आजही उंदीर खातात, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. बिहारचे मुख्यमंत्री राहिलेले जीतनराम मांझी मुसहर समाजातलेच. आपण उंदीर खाल्लेत हे त्यांनी उघडपणे सांगितलं होतं.

पण या सगळ्यांचा उंदीर शेतातला. सोमेश्वरानंही शेतात आणि नदीकाठी वाढलेलाच उंदीर घ्यायला सांगितलंय. भाताच्या लोंब्या खाऊन पुष्ट झालेला उंदीर आणि तुमच्या माळ्यावरचा उंदीर यांचं खाणं एक नाही. तुमचा गटारातून फिरून येतो, त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू पसरू शकतात, आणि तुम्ही, तुमचा इथला भाऊ आणि दुकानदार अशा तिघांनी आपापल्या मनानं टाकलेलं औषध त्याच्या यकृतात साठलेलं असतं. ते शिजवल्यानं जात नाही. तेव्हा काकांना सांगा, सोमेश्वराचा आचारी तुमच्या वाड्यात नोकरी सोडून पळाला असता.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलंय ‘उंदीर कसे मारू’. मला दिसतंय ते असं, की वाटण्या होऊन वाड्याचे तीन भाग झाले, तीन दारं झाली, तीन लाइट मीटर झाले, पण छप्पर एकच राहिलं. वाटणीपत्रात माजघर कुणाचं, देवघर कुणाचं, विहीर सामाईक, इथपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. माळ्यावरची जागा मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असते. वाटणीची भिंत घातलेली असते ती बहुधा तुळयांपर्यंत. तिच्या वर, वासे जिथून आरपार जातात तिथे, हात जाईल एवढ्या फटी राहतात, कारण तिथे शिडी लावून गिलावा करायचा खर्च कुणी करायचा यावर भावांचं एकमत झालेलं नसतं. तुम्ही तुमच्या तिसऱ्या हिश्श्यात पिंजरा लावता. उंदीर जेवतो दुकानात, पाणी पितो मधल्या भावाच्या मोरीत आणि झोपतो तुमच्या माळ्यावर. तुमचं घर त्याची नुसती निजायची खोली असेल तर पिंजऱ्यातल्या भाकरीच्या तुकड्याला त्यानं का भुलावं?

आधी उंदीर कोणता ते ठरवा. आवाज वरून येतोय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे घरातला काळा उंदीर असण्याची शक्यता जास्त. हा चढणारा; शेपटी अंगापेक्षा लांब, कान मोठे. गटारातला तपकिरी उंदीर बोजड, शेपटी अंगापेक्षा आखूड. तो खालच्या मजल्यावर, ओट्याखाली, जमिनीत बिळं करून राहतो. घूस त्याहून दांडगी, फरशीखालची माती उपसून बाहेर ढीग घालते. आणि बोटाएवढा पिटुकला उंदीर निराळाच, तो कपाटाच्या खणातसुद्धा संसार थाटतो. लेंड्यांवरून बरंच कळतं: पिटुकल्याच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, काळ्या उंदराच्या साधारण अर्धा इंच आणि टोकदार, तपकिरी उंदराच्या त्याहून मोठ्या आणि बोथट. भिंतीच्या कडेनं चिकचिक करत जाणारी, लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री दिसली तर तिला सोडा. ती उंदीर नव्हेच. किडे, झुरळं खाते. माझी फुकटची मदतनीस आहे ती.

तुमचे चारही उपाय का फसले, ते थोडक्यात. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, विशेषतः काळा आणि तपकिरी. रोजच्या वाटेवर पिंजरा दिसला की काही दिवस तो वळसा घालून जातो, आणि तोवर आपण ‘इथे काही नाही’ म्हणून पिंजरा हलवतो. हलवला की पुन्हा नवा झाला. सापडलेला एखादा तुम्ही विश्वामित्री नदीच्या पुलावर सोडून येता, असं लिहिलंत. नदीतल्या मगरींचं भलं होत असेल. उंदराचं बहुतेक होत नाही, कारण अनोळखी जागेत खाणं-लपणं ठाऊक नसलेला उंदीर फार टिकत नाही. आणि टिकलाच तर काठावरच्या सोसायटीतून मला फोन येतो. आवाजाच्या यंत्राचा आवाज भिंत किंवा कपाट ओलांडत नाही, आणि खोलीतल्या उंदरालाही त्याची सवय होते. मी त्याच यंत्राच्या वर उंदराची लेंडी पाहिली आहे. गोंदाचा पुठ्ठा मी वापरतच नाही. त्यावर जनावर तासन्‌तास धडपडत मरतं, चिचुंद्री, पाली, चिमणीची पिल्लंही चिकटतात, आणि सकाळी ते जिवंत ओरडत असलेलं तुमच्या मुलीनं पाहायचं. प्राणी कल्याण मंडळानं त्याविरुद्ध सूचना दिल्यात, कित्येक राज्यांनी बंदीचे आदेशही काढलेत. वड्यांबद्दल पुढे सांगते.

करायचं काय? पहिलं काम रात्रीचं. दुकान बंद झाल्यावर दीडेक तासानं दिवे मालवून, बॅटरीला लाल कागद लावून माळ्याच्या दाराशी शांत बसा. उंदीर कुठून येतो त्यापेक्षा कुठे जातो ते बघा. दिवसा वासे तपासा: रोजच्या वाटेवर अंगाच्या तेलकट मळाचे काळे पट्टे दिसतात. शंका असेल तिथे रात्री रांगोळीची पातळ पूड भुरभुरवा. सकाळी पावलं आणि मधोमध ओढलेली शेपटीची रेघ उमटलेली असते. हे तिन्ही बिऱ्हाडांत आणि दुकानात एकाच रात्री करायचं, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. मी भावांमधली भांडणं रांगोळीवर मिटलेली पाहिली आहेत आणि रांगोळीवरून सुरू झालेलीही.

दुसरं, जेवण बंद. माझ्या मते निम्मी लढाई इथेच आहे, आणि लोक हीच टाळतात, कारण यात मर्दुमकी नाही. उंदराला रात्रीत लागतं किती? दहा-पंधरा ग्रॅम दाणा मिळाला तर काळ्या उंदराचं पोट भरतं. फरसाणाच्या दुकानात तेवढं बेसन आणि शेव फडताळाच्या पायाशी रोज सांडते. दुकानदाराशी भांडू नका. त्याचा मालही कुरतडला जातोय, ग्राहकाला लेंडी दिसली तर धंदा बसेल हे त्याला तुमच्याहून जास्त कळतं. रात्री झाडलोट होऊनच शटर पडावं, पिठाची पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवावीत, तळणाची कढई झाकलेली असावी. घरात वर्षाचं धान्य पत्र्याच्या कोठीत, झाकण घट्ट. प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण उंदीर एका रात्रीत कुरतडतो; त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, झिजवल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. म्हणूनच तो वायरही कुरतडतो, आणि जुन्या वाड्यात, लाकडी छताखाली, उघडी पडलेली वायर ही मला लेंड्यांपेक्षा मोठी काळजी वाटते. इलेक्ट्रिशियनला माळ्यावरची वायरिंग आधी दाखवा. मांजराची वाटी रात्री उचला. गच्चीत कबुतरांना दाणे टाकायचं पुण्य कोण करतंय तेही बघा. सूर्यास्तानंतर त्या पुण्याचे वाटेकरी बदलतात.

मांजराबद्दल तुम्ही नाराज दिसलात. तिचा दोष नाही. पिटुकले उंदीर आणि पिल्लं ती धरते, पण पुरा वाढलेला उंदीर उलटून चावतो, आणि दोन वेळा दूध-पोळी मिळणारी मांजर ती जोखीम कशाला घेईल?

तिसरं काम भोकं बुजवण्याचं, आणि इथे क्रम चुकला की घर आठवडाभर कुजक्या वासानं भरतं. सगळी भोकं एकदम बंद केलीत तर आत राहिलेले उंदीर आतच मरतात. आधी बाहेरून आत येणाऱ्या वाटा बंद करा: मोरीच्या तोंडाला घट्ट बसणारी जाळी, शटरच्या खाली पत्र्याची किंवा जाड रबराची पट्टी, नळाचे आणि एसीचे पाइप भिंतीतून जातात तिथल्या फटी, परसातल्या झाडाच्या छपराला टेकलेल्या फांद्या छाटून निदान तीन-चार फूट दूर. वाटणीच्या भिंतीवरच्या वाशांजवळच्या फटी सापळे लावून आतले संपल्यावर. माप लक्षात ठेवा: पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून पिटुकला उंदीर जातो, अंगठा जाईल एवढ्यातून मोठ्या जातीचा, लहान वयाचा उंदीर. त्यामुळे जाळी पाव इंचाची, लोखंडी. भोकात भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट. चिंध्या, थर्माकोल, फोम यातलं काही नको. ते उंदराला बाळंतिणीच्या खोलीचं सामान म्हणून उपयोगी पडतं.

बाळंतपणावरून आठवलं. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं तीन महिन्यांच्या आसपास स्वतः विणायला तयार. म्हणून ‘आठवड्याला एक सापडतो’ याला मी प्रगती म्हणत नाही. सापळे मोजके दिवस, पण भरपूर आणि एकदम लावायचे. तुमच्या माळ्याची लांबी लक्षात घेता एक पिंजरा म्हणजे विनोद आहे. लाकडी किंवा प्लॅस्टिकचे चाप डझनभर आणा, भिंतीला काटकोनात, तोंड भिंतीकडे करून, काळ्या पट्ट्यांच्या वाटेवर ठेवा. पहिल्या तीन-चार रात्री चाप न ओढताच नुसतं खाणं ठेवा. खाऊ दे. भीड चेपली की एका रात्री सगळे चाप ओढा. आमिष म्हणून लोक चीज ठेवतात, ते कुठे पाहून शिकतात कोण जाणे. बडोद्याच्या उंदराला शेंगदाण्याची चिक्की, भजी, गाठिया आवडतात. जे दुकानातून रोज मिळत होतं आणि आता मिळेनासं झालंय, तेच ठेवा. तुकडा दोऱ्यानं बांधा, नाहीतर अलगद उचलून नेतो. चाप मुलीच्या आणि मांजराच्या हाती-पायी लागणार नाहीत अशा जागी, माळ्याचं दार बंद करून.

आईंचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. गणेशोत्सवाच्या दिवसांत आमच्याकडे उंदरांची कामं कमी होतात आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात, हे दरवर्षीचं. माझं म्हणणं असं, की वरची पहिली दोन कामं आणि बाहेरची भोकं बुजवणं यात जीव जात नाही. ती आईंना मनापासून करू द्या. वाहन असलं तरी त्याचं पार्किंग घराबाहेर असावं, एवढं त्या मान्य करतील. चापाला त्यांचा विरोध कायम असेल तर पिंजरे लावा, पण तेही डझनभर आणि तसेच, आधी उघडे ठेवून. सापडलेल्यांचं काय करायचं हे मात्र आधी ठरवा. बादलीत बुडवणं क्रूर आहे, दूर सोडण्याचं वर सांगितलंच. चाप बरोबर बसला तर क्षणात संपतं, म्हणून मी त्यालाच कमी क्रूर मानते. घरात यावर एकमत होईलच असं नाही.

आता औषध. तुमच्या घरात, लहान मूल आणि मांजर असताना, मी ते सुचवणार नाही. बाजारात तीन प्रकार दिसतात. हिरव्या-निळ्या वड्या बहुधा ब्रोमाडायोलोनच्या, प्रमाण ०.००५ टक्के. रक्त गोठणं बंद करून उंदीर तीन ते सात दिवसांत मारतात. तुम्ही टाकलेल्या याच असाव्यात. उंदीर खाऊन छताच्या फळ्यांमागे मेले, म्हणून तुम्ही लिहिलेला कुजका वास आला. असा अर्धमेला, मंदावलेला उंदीर तुमच्या मांजरीच्या तावडीत सापडला तर विष तिच्या पोटात जातं; घुबडांचंही तेच होतं. काकांच्या रश्श्याला माझा आक्षेप होता तो नेमका इथे. दुसरं झिंक फॉस्फाइड, काळपट पूड, पोटात गेलं की विषारी वायू तयार होतो आणि त्याला उतारा नाही. तिसरी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. यकृत निकामी करते, तिलाही उतारा नाही. ती ट्यूब घरात असेल तर मुलीचा हात पोचेल अशा जागेवरून आजच काढा. वड्यांना निदान ‘क’ जीवनसत्त्वाचा नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो डॉक्टरनं द्यायचा. मुलानं कुठलंही औषध तोंडात घातल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवत बसू नका. पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठा, आणि मूल हसतंय-खेळतंय म्हणून थांबू नका, कारण वड्यांचा परिणाम दिसायला दिवस लागतात. दुकानाच्या मागच्या गल्लीत कुलपाच्या पेटीत वड्या ठेवायच्या असतील, तर ते वेगळं आणि ते माहितगाराचं काम.

साफसफाई. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. मास्क, हातमोजे, पाण्यात दहास एक ब्लीच मिसळून आधी भिजवा, दहा मिनिटांनी कागदानं पुसून घ्या. घाबरवायचं नाही, पण १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगनं जो हाहाकार उडाला तो इथून सुमारे दीडशे किलोमीटरवरचा, आणि दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आजही सापडतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी चढलं, तेव्हा काठावरची बिळं बुडाली आणि घुशी पहिल्या मजल्यापर्यंत आल्या. अशा पाण्यातून पायाला जखम असताना चालला असाल आणि नंतर ताप, पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना ते पाण्याचं मुद्दाम सांगा.

राहिलं ते तुमच्या भावांचं. एक ‘बघू’ म्हणतो आणि दुसरा वडोदऱ्यात राहतच नाही, त्याचा भाग कुलूपबंद, असं तुम्ही लिहिलंय. मला सगळ्यात जास्त शंका त्या कुलपाचीच आहे. बंद खोली, जुन्या गाद्या, रद्दी, माणसाचा वावर नाही; उंदरानं आणखी काय मागावं? त्याच्याकडून किल्ली मागवा. पैसे मागू नका, किल्लीच मागा, म्हणजे लवकर मिळेल. गाद्या उचलताना आत घरटं निघालं तर हात घालू नका, फावड्यानं पोत्यात भरा.

या सगळ्यात न पाहता सांगता येणार नाहीत अशा दोन गोष्टी: तुमची मोरी थेट गटाराला जोडलेली आहे की मध्ये पाणी साठून राहणारा वाकवलेला पाइप आहे, आणि तुळया वाळवीनं पोकळ झाल्यात का. पोकळ तुळईत उंदीर राहत असतील तर आधी सुतार, मग मी. उद्या उजेडात माळ्यावरच्या लेंड्यांचा एक फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. आणि एक फोटो वाटणीच्या भिंतीच्या वरच्या टोकाचा. तोवर नवीन काही विकत आणू नका.